गॉथिक बघायला शिकायचंय? गोव्यात राहून सुरुवात अशी करा

आर्किटेक्चरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला नाहीतर फाइन आर्टच्या हिस्टरीच्या पेपरात गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चची बांधकाम शैली, येतं आणि बहुतेक पोरं काय करतात, तर टोकदार कमान, रिब व्हॉल्ट, फ्लाइंग बट्रेस, रंगीत काच असे चार शब्द पाठ करतात, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा एक फोटो चिकटवतात आणि पुढच्या चॅप्टरला पळतात. मार्क मिळतात, त्यात वाद नाही, पण इतकी भन्नाट गोष्ट हाताशी येऊन निसटते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बाराव्या-तेराव्या शतकातलं अस्सल गॉथिक गोव्यात नाही, असणं शक्यच नाही, कारण पोर्तुगीज इथे आले १५१० मध्ये आणि तोवर युरोपात गॉथिकचा जमाना उतरणीला लागला होता. पण ती उतरण इथे पोचलीय, आणि नंतर एकोणिसाव्या शतकात गॉथिक पुन्हा फॅशनमध्ये आलं तेही पोचलंय. शिवाय जे गॉथिक नाही ते ढीगभर आहे, आणि फरक कळायला तेच जास्त कामाला येतं. माझं सांगणं एवढंच की नक्षी नंतर बघा, आधी छपराचं वजन कुठून निघतं आणि जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने पोचतं ते बघा. ही एक सवय लागली की पुस्तकातले चारही शब्द आपोआप जागेवर बसतात.

पहिली पायरी: घरीच, एक साखळी घेऊन

बाहेर पडायच्या आधी हे करा. कसलीही बारीक साखळी घ्या, गळ्यातली चालेल, आणि दोन टोकं दोन हातांत धरून ती मधे लोंबू द्या. हात जवळ आणले की साखळी खोल लोंबते आणि हातांना ओढ जवळजवळ जाणवत नाही. आता हात हळूहळू लांब न्या, साखळी सपाट होत जाते आणि दोन्ही हात आतल्या बाजूला ओढले जातात, जेवढी सपाट तेवढी ओढ जास्त. आता हे चित्र डोक्यात उलटं करा. लोंबणारी साखळी उलटी केली की कमान होते आणि आतली ओढ बाहेरचा रेटा होते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने ही गोष्ट १६७५ मध्ये अक्षरांच्या कोड्यात छापली होती, लवचीक दोरी जशी लोंबते तशीच उलटी केल्यावर ताठ कमान उभी राहते म्हणून.

म्हणजे कुठलीही कमान नुसती खाली वजन देत नाही, ती पाय फाकवते, भिंतींना बाहेर ढकलते. बसकी कमान जास्त ढकलते, उंच निमुळती कमी ढकलते. मध्ययुगातल्या गवंड्यांकडे हूक नव्हता की फॉर्म्युला नव्हता, पण हा रेटा त्यांना हाताच्या अनुभवाने माहीत होता आणि गॉथिकची सगळी धडपड या रेट्याशी आहे. हा प्रयोग मिनिटाभराचा आहे, तो टाळू नका, कारण पुढे प्रत्येक इमारतीसमोर उभं राहिल्यावर तो हातांत आठवतो.

दुसरी पायरी: कंपास, पट्टी आणि ६ बाय ८ चा आयत

टोकदार कमान सुंदर दिसते म्हणून आली असं बऱ्याच जणांना वाटतं. सुंदर दिसतेच, पण तिचा मोठा फायदा भूमितीचा आहे आणि तो कागदावर काढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

कागदावर ६ सेंटीमीटर बाय ८ सेंटीमीटरचा आयत काढा, हा समजा इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला, चार खांबांमधला एक खण. त्याचा कर्ण येतो १०. आता या खणावर दगडी छत टाकायचंय, म्हणजे चार बाजूंना कमानी आणि कर्णावर दोन आडव्या-तिडव्या कमानी लागणार. गोल कमान वापरली तर तिची उंची रुंदीच्या निम्मी, त्यात तुम्हाला काही चॉइस नाही: ६ च्या बाजूला ३, ८ च्या बाजूला ४, कर्णावर ५. तीन कमानींचे माथे तीन वेगवेगळ्या उंचीवर, वरचं छत ओबडधोबड, सगळा गोंधळ. म्हणून गोल कमानीच्या काळात असे खण शक्यतो चौरस ठेवायचे.

आता टोकदार कमान काढा. कर्णावरची अर्धगोल तशीच राहू द्या, उंची ५. बाकीच्या दोघींनाही ५ पर्यंत नेऊया. ८ च्या बाजूला कंपास साधारण ५.१ उघडा, ६ च्या बाजूला साधारण ५.७, कंपासचं टोक त्याच तळरेषेवर कमानीच्या एका पायापासून तेवढ्याच अंतरावर ठेवून दोन्ही बाजूंनी एकेक कंस मारा, दोन कंस वर भेटतात तिथे टोक. झाली ना तिघींची उंची सारखी? हेच ते. टोकदार कमानीची रुंदी आणि उंची एकमेकांना बांधलेली नसतात, त्यामुळे खण कसाही असो, छत एका पातळीत बसतं. आणि कर्णावरच्या त्या दोन दगडी पट्ट्या म्हणजेच रिब. छत्रीच्या काड्या आणि कापड असतं तसं समजा, आधी काड्या उभ्या करायच्या आणि मधे पातळ दगडाचं अंग भरायचं. रिब खरंच किती वजन पेलतात यावर अभ्यासकांत वाद झालेत, पण बांधताना त्यांचा उपयोग झाला आणि डोळ्याला वजनाची वाट त्या दाखवतात यावर फारसं दुमत नाही.

हे ड्रॉइंग एकदा स्वतःच्या हाताने केलं की मग सगळे शब्द सरळ होतात. वजन भिंतभर न पसरता खणाच्या चार कोपऱ्यांत येऊन उतरतं, म्हणजे मधली भिंत मोकळी झाली, मग ती फोडून काच लावा. कोपऱ्यावरचा रेटा मात्र आहेच, त्याला बाहेरून टेकू द्यायला जाडजूड बट्रेस, आणि मधे बाजूची दालनं येतात म्हणून त्यांच्या डोक्यावरून हवेतून जाणारा अर्ध्या कमानीचा टेकू, तो फ्लाइंग बट्रेस. बट्रेसच्या डोक्यावर जो टोकेरी दगडी सुळका असतो, पिनॅकल, तो नुसता शोभेचा नाही, त्याच्या वजनाने बाहेर जाणारा रेटा खाली वळायला मदत होते.

आणि गार्गॉइल, ती तोंड वासलेली जनावरं, ही तर गोव्यातल्या माणसाला लगेच कळावीत, छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारे ते दगडी पन्हळ आहेत. तोंडातून पाणी जात नसेल तर ते गार्गॉइल नाही, नुसतं शिल्प. नोत्र दामच्या गच्चीवर हनुवटीला हात लावून बसलेलं जे प्रसिद्ध भूत सगळे डीपीला लावतात ते याच दुसऱ्या जातीतलं, आणि तेही मध्ययुगातलं नाही, एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत बसवलेलं आहे.

तिसरी पायरी: ओल्ड गोवा, पण बॉम जेझूपासून सुरुवात नको

पणजी स्टँडवरून ओल्ड गोव्याला भरपूर बस आहेत, सकाळी लवकर निघा, टुरिस्टांच्या गाड्या यायच्या आत. उतरल्यावर सगळे बॉम जेझूच्या प्रसिद्ध इगर्जीकडे वळतात, तुम्ही थेट मोंते सांतो टेकडीचा चढ चढा आणि आधी रोझरीची इगर्ज बघा. १५१० च्या लढाईत पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकेर्कने याच टेकडीवरून लढाई बघितली आणि नवस बोलला असं सांगतात, इगर्ज उभी राहिली १५४० च्या दशकात. ओल्ड गोव्यातल्या सगळ्यात जुन्या उभ्या इमारतींपैकी ही एक, आणि गर्दी जवळपास नसते, त्यामुळे हवा तेवढा वेळ उभं राहता येतं.

लांबून ती इगर्ज कमी आणि गढी जास्त वाटते, गोल बुरूज, जाड भिंती, लहान खिडक्या. गॉथिक म्हणून शोधायला जाल तर पहिल्यांदा निराशा होईल. पण पोर्चखाली जा आणि मान वर करा. छताला ज्या दगडी पट्ट्या दिसतात त्या रिब, तुम्ही कागदावर काढलेला खण तो हाच. एक रिब निवडा आणि बोटाने हवेत तिचा माग काढत या: माथ्यावरच्या दगडापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यातून खाली. ती कुठे संपते, भिंतीत विरते की खांबावर टेकते, ते वहीत लिहा. एवढं केलंत तर दोन लेक्चरचं काम झालं. मग बाहेर येऊन भिंतीवरच्या दोरखंडासारख्या पिळाच्या पट्ट्या बघा. पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला, राज्य १४९५ ते १५२१, त्याच्या नावावरून या शैलीला मानुएलाइन म्हणतात: अंग उशिराच्या गॉथिकचं आणि त्यावर दर्यावर्दी लोकांची नक्षी, दोर, गाठी, आकाशाची रचना दाखवणारे कड्यांचे गोल.

तेच गोल बघायला मग खाली या आणि असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या इगर्जीच्या दारासमोर उभे राहा. आत्ताची इमारत १६६१ ची आहे, पण हे दार आधीच्या १५२१ च्या इगर्जीतलं काढून ठेवलेलं. आजूबाजूचा दर्शनी भाग नंतरचा, साधा, सरळ रेषांचा, आणि मधेच हे काळ्या दगडाचं गुंतागुंतीचं दार. सव्वाशे-दीडशे वर्षांत आवड किती बदलली ते एकाच भिंतीवर दिसतं, अशी जागा शिकणाऱ्याला दुसरीकडे सहज मिळत नाही. मी कुणालाही इथे निदान अर्धा तास बसायला सांगेन, स्केचबुक घेऊन, फक्त दारासाठी.

सी कॅथेड्रलमध्ये फार वेळ घालवायची गरज नाही, म्हणजे आपल्या या अभ्यासापुरतं म्हणतोय. १५६२ ला सुरू झालं, १६१९ ला बांधकाम संपलं, आत गेलात की मधल्या दालनावरचं छत बघा, अर्ध्या पिंपासारखं सलग गोल, त्याला बॅरल व्हॉल्ट म्हणतात. साखळी आठवा: इथे रेटा चार कोपऱ्यांत गोळा होत नाही, सगळ्या लांबीभर दोन्हीकडे ढकलतो, म्हणून मग जाड भिंत, जाड खांब. याच्या शेजारी रोझरीचं पोर्च मनात ठेवलं की फरक सांगायला शिक्षक लागत नाही.

बॉम जेझू १५९४ ते १६०५, गॉथिक अजिबात नाही. पण समोरून बघून लगेच आत शिरू नका, बाजूने फिरा. तिथे लाल चिऱ्याचे (जांभ्याचे) तिरपे टेकू दिसतील, भिंतीपासून सुटे, मधून आरपार दिसणारे, हे फ्लाइंग बट्रेसच आहेत. फोटोत फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचे बट्रेस बघून जे कळत नाही ते इथे दहा फुटांवरून कळतं, टेकू कुठे लागलाय, कुठे जमिनीत उतरलाय, किती जाड ठेवावा लागलाय. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढल्यामुळे चिराही उघडा दिसतो, सगळा भोकाभोकांचा. असल्या दगडात शार्त्रसारखी बारीक दगडी जाळी कोरता येईल का, हा विचार तिथे उभं राहून जरूर करा. सेंट फ्रान्सिसच्या दाराला काळा दगड का घेतला असेल याचा अंदाज मग येतो.

शेवटी सेंट ऑगस्टीनचे अवशेष, रोझरीच्या जवळच आहेत, उन्हं उतरल्यावर जा. १६०२ च्या सुमाराला झालेली प्रचंड इगर्ज, १८३५ ला मठ रिकामा झाला, देखभाल थांबली, १८४२ ला छत कोसळलं आणि १९३१ ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. आज ४६ मीटरच्या आसपास उंचीचा जो सुळका उभा आहे तो उरलेला तुकडा. माझ्या मते गोव्यात स्ट्रक्चर शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे इमारत कापून ठेवल्यासारखी आतून दिसते: भिंत किती जाड होती, कमान कुठून सुटत होती, छताचा रेटा कुठे लागत होता. इथे एक सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, काढाच, अंदाजाने का होईना, आणि गेलेलं छत तुटक रेषेने पुरं करा.

चौथी पायरी: साळगाव

हे वेगळ्या दिवशी करा. साळगावची माय द देवस इगर्ज १८७३ ची, पांढरीशुभ्र, टोकेरी सुळक्यांची, शेताच्या कडेला. इथे सगळ्यांना लगेच गॉथिक दिसतं, टोकदार खिडक्या, टोकदार दारं, वर चढत जाणाऱ्या रेषा. हे गॉथिक रिव्हायव्हल, म्हणजे जुनी भाषा नव्या काळात पुन्हा बोललेली, आणि ती कमी दर्जाची मानायची काही गरज नाही. इथे प्रश्न बदला. रोझरीत विचारलं होतं की रिब कुठे उतरते, इथे प्रत्येक टोकदार आकारासमोर उभं राहून विचारा की हा काढून टाकला तर इमारत पडेल का. वहीत दोन रकाने करा, पेलणारं आणि सजवणारं, आणि एकेक भाग टाकत जा. काही भागांवर तुमचं आणि मित्राचं जमणार नाही, छान, वाद घाला, तिथेच शिकणं होतं. माझं मत असं की या इगर्जीचं खरं यश उंची भासवण्यात आहे, प्रत्यक्ष आकार मध्यम आहे पण उभ्या रेषा अशा लावल्यात की नजर वर जातेच.

जाताना एक भान ठेवा, यातल्या बहुतेक चालू प्रार्थनेच्या जागा आहेत. मिस (इगर्जीतली प्रार्थना) चालू असेल तर बाहेर थांबा, खांदे-गुडघे झाकलेले असू देत, फ्लॅश नको, आणि आत बसून स्केच काढायचं असेल तर आधी विचारा, विद्यार्थी म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ असतं, ऑगस्टीनला चढउतार जपून.

पाचवी पायरी: तांबडी सुर्ला

हे गॉथिकच्या लेखात कुठून आलं असं वाटेल, पण एकदा कराच. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. म्हणजे पॅरिसजवळ सँ दनीला मठाधिपती सुझेने ११४० ते ११४४ मध्ये नवं गर्भगृह बांधलं, जिथून गॉथिकची सुरुवात धरतात, आणि ११९४ च्या आगीनंतर शार्त्र पुन्हा उभं राहत होतं, साधारण त्याच काळात आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याला हे काम चाललं होतं. दोघांपुढे प्रश्न एकच, दगडाचं छत कसं पेलायचं. उत्तरं मात्र पूर्ण वेगळी. इथे खरी कमान नाहीच, खांबावर तुळई, तुळईवर शिळा, वजन सरळ खाली, बाहेर रेटा जवळपास नाही. त्यामुळे बट्रेस नको, पण खांब जवळजवळ हवेत आणि आत गार अंधार. शार्त्रमध्ये छत ३७ मीटरच्या आसपास उंच आणि आत रंगीत उजेड. देवाची जागा म्हणजे अंधार की उजेड, यावर दोन परंपरांनी दोन प्रकारे दगड रचला, आणि दोन्ही बघितलेला विद्यार्थी गॉथिककडे परकं म्हणून बघत नाही.

उजेडाचं निघालं म्हणून आणखी एक: गोव्यातल्या जुन्या घरांना, इगर्जींना शिंपल्यांच्या खिडक्या असतात, पातळ शिंपल्या लाकडी चौकटीत बसवलेल्या. एखादी सापडली तर सकाळी दहाला आणि दुपारी चारला तिच्या आतल्या बाजूला उभं राहून बघा, उजेड दुधाळ, मऊ येतो. काच महाग असल्याच्या काळातला हा आपला उपाय. गॉथिकमधली रंगीत काचही हेच करते, बाहेरचं ऊन जसंच्या तसं आत येऊ देत नाही, बदलून आणते. हे एकदा अंगावर घेतलं की पॅरिसच्या सँत शापेलचे फोटो (१२४८ ची, भिंतींच्या जागी जवळजवळ काचच) वेगळ्याच नजरेने बघाल.

सहावी पायरी: मुंबई

मडगावहून रात्रीची कोकणकन्या पकडलीत की सकाळी सीएसएमटीला उतरता, म्हणजे गाडीच तुम्हाला थेट गॉथिक रिव्हायव्हलच्या पोटात सोडते. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत १८७८ ला सुरू झाली आणि दहाएक वर्षांत पुरी झाली. लोकलच्या गर्दीत कुणी वर बघत नाही, तुम्ही बघा, जुन्या तिकीट हॉलचं छत रिबचं आहे, खांबांच्या डोक्यावर पानं-फुलं-प्राणी आहेत, आणि त्यात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, म्हणजे तुमच्याच वयाच्या पोरांचा. वरचा घुमट मात्र युरोपच्या मध्ययुगीन गॉथिकमध्ये सहसा सापडणार नाही. मग चालत ओव्हलकडे जा, राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाची लायब्ररी, डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, जो कधी भारतात आलाच नाही, लंडनहून ड्रॉइंग पाठवली, काम १८६९ ते १८७८. उंची ८५ मीटर. साळगावचे दोन रकाने इथेही लावा.

शेवटची पायरी: युरोप, टेबलावर बसून

आता पुस्तक उघडा, आता ते वाचता येईल. फोटो आधी बघू नका, प्लॅन आणि सेक्शन बघा. प्लॅनमध्ये एक खण शोधा, त्याचे कर्ण पेन्सिलने काढा, सेक्शनमध्ये छताच्या माथ्यापासून बट्रेसच्या पायापर्यंत लाल पेनने वजनाची वाट काढा. तीन इमारतींवर हे करा, जास्त नको. शार्त्र घ्या, कारण तिथे सगळं जमून आलंय. फ्रान्समधलंच बोव्हे घ्या, कारण तिथे हाव केली, ४८ मीटर उंच छत १२७२ ला पुरं केलं आणि १२८४ ला त्यातला भाग कोसळला, पुढे मधोमध मनोरा चढवला तोही १५७३ ला पडला, आणि कॅथेड्रल आजही अर्धंच आहे. ते का पडलं यावर अजून वेगवेगळी मतं आहेत, तुमचं लाल पेन काय सांगतं ते बघा.

आणि तिसरं पोर्तुगालमधलं घ्या, आपला थेट संबंध तिथे आहे. बातालियाचा मठ १३८६ ला सुरू झाला, त्यातल्या एका दालनावर १९ मीटरच्या चौरसाला मधे एकही खांब न देता ताऱ्यासारखं दगडी छत टाकलंय. नाहीतर लिस्बनचं जेरोनिमोस, १५०१-०२ मध्ये सुरू झालेलं, ज्याच्या खर्चाचा मोठा भाग आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून आला, आणि त्या व्यापारात आपल्या किनाऱ्यावरची मिरी होती. त्याच्या दाराचा मोठा फोटो शोधून सेंट फ्रान्सिसच्या दाराच्या तुमच्या स्केचशेजारी ठेवा: गोल, दोर, क्रूस, एकेक खूण जुळवत जा, आणि जी जुळत नाही तिच्याखाली रेघ मारून पुढच्या खेपेला ओल्ड गोव्याला तीच आधी बघा.